दाराबाहेरचा माणूस

४ जून
हर्षदा बाळंतपणात गेली, त्या दवाखान्यातून फोन. डॉ. अलका म्हणून कुणी नव्या आल्यात, बाळंतपणाच्या वॉर्डाला ट्रेनिंग देतात. म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही दाराबाहेर होता. तिथून काय दिसलं, ते आमच्या लोकांना सांगाल?"
बघतो म्हटलं.

७ जून, रविवार
काचीगुड्याला गेलो. बाळ जन्मल्यापासून सासूबाईंकडेच आहे. चार महिन्यांचं झालं. "चेतनराव, जरा हातात तरी घ्या." चहा पिऊन निघालो.

१० जून
गेलो. डॉक्टर, सिस्टर, आया, सगळे बसलेले. सांगितलं — मुलगी झाली म्हणून कळलं, मग आत धावपळ. एक सिस्टर बाहेर आली, मी विचारलं, ती न बोलता परत आत. तिघं-चौघं एकदम ओरडत होते, रक्त आणा, रक्त आणा. कोण कुणाला सांगतंय, काही कळेना. रक्त आलं तेव्हा उशीर झाला होता.
अर्ज वाचून दाखवावा तसं बोललो.
निघताना एक सिस्टर मागून आली. सुनीता. त्या दिवशी बाहेर आलेली तीच. "मैं देखी थी भैया, खून बहुत जारा था. हेमंत सर चिल्लाते बोलके चुप रही."
हेमंत सर म्हणजे तिथले मोठे डॉक्टर; ते ओरडतील म्हणून ती गप्प राहिली. हौ म्हटलं. स्टॉपवर सिकंदराबादच्या दोन बस समोरून गेल्या, चढलो नाही.

२४ जून
पुन्हा बोलावलं. आज सराव. कॉटवर रबरी पुतळा, लाल पाणी. मी नातेवाईक, दाराबाहेर. दार उघडं ठेवलेलं.
पहिल्या वेळी तोच गोंधळ. मग अलकाबाईंनी समजावलं — एकानंच सूत्रं हाती घ्यायची, काम नाव घेऊन सांगायचं, ऐकणाऱ्यानं ते परत म्हणायचं. आणि धोका दिसला तर कुणीही थांबवायचं. आयासुद्धा.
हेमंत सर कुरकुरले, "ही नाटकं कशाला?" दुसऱ्या वेळी सूत्रं त्यांच्याच हाती. मधेच सुनीता म्हणाली, "सर, रुकिए. खून ज्यादा जारा."
सरांनी हात थांबवला. "कितना?"
एक सिस्टर बाहेर येऊन मला सांगून गेली, आत काय चाललंय ते. पुतळ्याबद्दलच. तरी नीट ऐकलं.

१४ जुलै
दुपारी ऑफिसात सुनीताचा फोन. सकाळी एक बाई तशीच, बाळंत झाल्यावर रक्त थांबेना. सुनीता बोलली, सरांनी ऐकलं, रक्त वेळेत आलं. बाई वाचली. "आपकू बताना बोलके फोन करी."
अच्छा हुआ, म्हटलं. फोन ठेवला. जिन्याखाली जाऊन रडलो. हर्षदा गेल्यावर पहिल्यांदाच. तोंड धुऊन परत टेबलावर.

१९ जुलै, रविवार
मुलीला घरी आणलं. सासूबाईही आल्यात, महिनाभर राहतील. पोर माझ्या उजव्या खांद्यावर झोपलीय. डाव्या हातानं लिहितोय, अक्षर लागत नाही.