पडीक रंगवलेलं रान

बाबा, परवा आपल्याच गावच्या ग्रामसभेत माझ्या पायाखालची जमीन सरकली. मी आता हिंगोलीत उपग्रहाच्या चित्रांवरून गावांचे नकाशे करते. पाणी कुठे अडवायचं, झाडं कुठे लावायची, पेरायचं कुठे, हे रंगांनी दाखवायचं; रंग आधी मशीन भरतं, मग मी नकाशा पुरा करते. आपलं गाव माझ्या वाट्याला आलं तेव्हा मी चांगलीच फुशारले होते. पडद्यावर नकाशा लावला, माळावरचा पिवळा पट्टा दाखवला आणि ऐटीत सांगितलं, ही सगळी पडीक जमीन, इथे झाडं लावायची.

 मग शेजारची काकू उठली, तुमच्याच जोडीनं ज्यांनी तो माळ फोडला त्यांच्यातली. "पडीक काहून दाखवून राहिली माय? तुह्या बापाचं रान हाय ते. तुही माय अजून तूर पेरते तिथं."

तो माळ एकदम डोळ्यांपुढे उभा राहिला. मी सात वर्षांची आहे. तुम्ही पहारीनं दगड उपटताय आणि मी ते घमेल्यातून बांधावर नेतेय. कंटाळून एक दगड मी मातीखाली ढकलते. तुम्ही बघता. "उकर त्याले. नांगर मोडंल न्हाई तं," म्हणता, आणि पोरगी रडतेय म्हणून सोडत नाही. त्या रानातलं ढेकूळन्‌ढेकूळ मला ठाऊक होतं, बाबा. आणि वरून मला ते ओळखूसुद्धा आलं नाही!

चित्र एप्रिलमधलं होतं. तूर निघालेली, रान उघडं. कागदावर तर ते अजून गायरानच, तुम्ही होतात तोवर तुमच्या नावावर कधी झालंच नाही. परवा ठराव झाला असता तर आईच्या आणि काकूच्या रानात झाडांसाठी खड्डे पडले असते, माझ्या नकाशाच्या आधारानं.  ठराव थांबलाय, पुढच्या आठवड्यात सगळ्यांना घेऊन माळ पायी फिरायचाय.

सभेत मी सांगितलं, मशीनची चूक झाली. काकूनं मान डोलावली. आई तर म्हणाली, "मशीनले काय कळते, लेकरा." हे तुम्हालाच लिहितेय, कारण तुम्ही कुणाला सांगणार नाही. मशीननं तो पट्टा खात्री नाही म्हणून कोरा सोडला होता. जाऊन बघायचं काम माझं होतं. मी गेले नाही. पिवळा रंग मीच भरला.