छोटं टेबल

प्रिय चिंगे,

तुझं पत्र पोचलं. डॉक्टरीणबाईंनी पडून राहायला सांगितलंय तर मुकाट्याने पडून राहा, उशीखाली ऑफिसची कामं लपवू नकोस. बाळ यायला अवकाश असला तरी मी लवकर निघतेच आहे. पण शेवटी तू लिहिलंस, ‘बाबांना दुकानातून निघता येणार नाहीच, तू एकटी आलीस तरी चालेल.’ ते वाचलं आणि पत्र तसंच उघडं, बाबा चहाला बसतात तिथे ठेवून दिलं. मुद्दाम.

इकडची खबर म्हणजे दुकानातलं मोठं टेबल एका पायाने गेलं. आठवतंय ना? पंखे, मिक्सर, इस्त्र्या, रेडिओ, सगळे एकाच वेळी पोट उघडून पडलेले आणि बाबा या रोग्याकडून त्या रोग्याकडे. गिऱ्हाईक आलं की ‘होईल’. उगाच का अख्खी गल्ली त्यांना होईलकाका म्हणते! शिंपीणकाकूंच्या इस्त्रीत पंख्याचे स्क्रू बसवले होते, ते काकू अजून विसरल्या नाहीत. म्हणतात, इस्त्री तापत नाही, पण वारा छान घालते.

सुतारभाऊंनी टेबल दुरुस्तीला नेलं आणि तोवर भागवायला एक बुटकं टेबल दिलं. त्यावर मिक्सर ठेवला की चमच्यालाही जागा नाही. बाबा आधी धुसफुसले. मग नाइलाजाने एकच वस्तू घेतली, पुरी केली, झाकण लावून खाली ठेवली, तेव्हा कुठे दुसरी उचलली. बघता बघता मागची फळी रिकामी व्हायला लागली. इतकी वर्षं मी कंठशोष केला, तो त्या टेबलाने न बोलता निभावला. सुतारभाऊ मोठं टेबल घेऊन आले तर बाबा म्हणाले, राहू दे तुझ्याकडेच. भाऊ मला हळूच म्हणाले, वहिनी, यांना ताप आहे का बघा.

टेबल लहान झालं तरी जीभ तीच होती. नवं काम दिसलं की ‘होईल’ ओठांवर तयारच. तुझं पत्र वाचून बाबा दुकानात गेले, मागोमाग मीही, तेवढ्यात बेकरीवाला पीठ मळायच्या यंत्राची बिघडलेली मोटार घेऊन आला. बाबांनी ती हातात घेतली, उलटी करून पाहिली आणि परत दिली. मला जमणार नाही, म्हणाले, पुढच्या चौकातल्याकडे ने, तो चांगलं करतो. बेकरीवाला जागचा हलेना. आपणच चुकीचं ऐकलं असं त्याला वाटलं. मलाही तसंच वाटलं.

मग त्यांनी फळीच्या पार मागून तुझं चावीचं अस्वल काढलं, ढोल वाजवणारं. पहिलीत असताना दिलं होतंस. शाळेतून आलीस की रोज विचारायचीस, झालं का बाबा? आणि एक दिवस विचारायचं सोडून दिलंस. ते मला आठवतं. त्यांना आठवत नसेल असं मी धरून चालले होते. टेबलावर अस्वल एकटंच होतं. आलेल्यांना बाबा दारातूनच वाटेला लावत होते. मी आणलेला चहा निवतो न निवतो तोच अस्वल ढोल बडवायला लागलं. बाबा हसले नाहीत गं. चावी संपेपर्यंत बघत बसले आणि म्हणाले, एवढंच काम होतं याचं.

हे फोनवर सांगितलं असतं तर तू ‘होईल’ म्हणून हसली असतीस, म्हणून कागदावर लिहिते. तिकिटं दोन काढली आहेत. उरलेल्या वस्तू ज्याच्या त्याच्या घरी गेल्या, दुकानाला कुलूप लागलं. अस्वल त्यांच्याच पिशवीत आहे, माझ्याकडे द्यायला तयार नाहीत. तेव्हा जावईबापूंना सांग, अंथरुणं दोन लागतील. परतीचं तिकीट कधीचं काढायचं असं मी विचारलं, तर बाबा म्हणाले, आधी हे एक पुरं होऊ दे.

तुझीच,
आई