खोली रिकामी सोडू नका

सोमवार, ४
आले एकदाची. भाचीने स्टेशनवरून घरी आणलं, चहा दिला, आणि मी बॅग उघडायच्या आत बजावलं की मावशी, इथे तरी कुणाशी भांडू नकोस. मी म्हटलं, भांडायचं नसतं तर निवृत्त होऊन घरीच बसले नसते का? तिला हसू आवरेना. मागची खोली मला दिली आहे. सकाळी ऊन येतं, खिडकीतून समोरच्या दवाखान्याची पाटी दिसते. मला एवढं पुष्कळ झालं.

दुपारी लगेच भाडेकरू सल्ला केंद्रात हजर झाले. हार्डवेअरच्या दुकानावर दोन खोल्या, लाकडी बाकं आणि फिरण्यापेक्षा जास्त कुरकुरणारा एक पंखा. केंद्र चालवणारे वकीलसाहेब अंगाने हडकुळे, खोकलासुद्धा परवानगी मागून काढतील असे. मी जन्मभर कोर्टात लघुलेखन केलं. कमी बोलणारा वकील प्रथमच पाहिला. त्यांनी मला केंद्राची हिरवी कापडी पिशवी दिली आणि म्हणाले, लोक हौसेने येतात, पिशवी घेऊन जातात आणि पुन्हा फिरकत नाहीत. पिशव्या शिवून घेऊन घेऊन कंटाळलो. मी त्यांना सांगितलं, मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. सिस्टर आम्हाला पाठ न टेकता बसवायच्या, आणि कुणी हललं की पहिल्यापासून. मी टिकेन.

भिंतीवर मोठ्या अक्षरांत एकच वाक्य रंगवलेलं आहे: खोली रिकामी सोडू नका.

बुधवार, ६
मालक लोकांच्या एकेक तऱ्हा ऐकून डोकं उठलं. एकाने वरच्या मजल्याचं पाणी तोडलं आणि वर विचारतो, रोज आंघोळ कशाला लागते. एका बाईसाहेबांनी रंगकामाच्या नावाखाली भाडेकरूच्या दाराच्या बिजागऱ्या काढून नेल्या. आत तीन महिन्यांचं बाळ. त्या बाईसाहेबांना फोन मी केला. माझा चहा संपायच्या आत बिजागऱ्या परत आल्या. वकीलसाहेब खोकले, बहुधा कौतुकाने.

आज भिंतीवरचं वाक्य नीट कळलं. इथे ज्याचा ताबा त्याची खोली. भाडेकरू बाहेर गेला की मालक कुलूप बदलतो, आणि मग तो बिचारा वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो. म्हणून एकट्या माणसाला दवाखान्यात वगैरे जायचं असलं, की केंद्रातलं कुणीतरी त्याच्या खोलीत जाऊन बसतं. याला इथे 'बसायला जाणं' म्हणतात. माणूस आत असेपर्यंत कुलूप लागत नाही. सोबत विणकाम न्यावं, बाकी काही करायचं नाही. जाण्याआधी फळ्यावर पत्ता तेवढा लिहायचा.

मी म्हटलं, हे काम तर माझ्यासाठीच काढलंय.

शुक्रवार, ८
हे एका परक्या खोलीतून लिहिते आहे. पहिल्यांदा बसायला आले!

सकाळी केंद्रात एकटीच होते. फोन वाजला. पलीकडे एक बाई, आवाज थकलेला, बोलणं मात्र शुद्ध. बहीण अखेरच्या घटका मोजते आहे, आणि हिला बाहेर पडता येत नाही. मालक जिन्यावर कुलूप घेऊन बसून आहे. मी विचारलं, किती दिवस? ती म्हणाली, मोजणं सोडलं. माझं डोकं असं तापलं की तशीच पिशवी उचलून निघाले. वाटेत भाचीला फोन करून सांगितलं, इस्त्रीवाल्याच्या वर जाते आहे, जेवायला घरी येते. फळ्यावर लिहायचं राहिलं. गेल्यावर लिहीन.

खाली इस्त्रीवाला, वर तीन मजले. शेवटच्या वळणावर मालक स्टुलावर बसलेला. म्हातारा, स्वच्छ, मांडीवर पितळी कुलूप, हातात फडकं. मी जाता जाता चार शब्द सुनावले. त्याने उठून मला वाट दिली.

बाई जाड चष्म्याची, माझ्याच वयाची. खोलीत एक खुर्ची, एक खाट, भिंतीला जुना फोन. ती उंबऱ्याच्या आत उभी राहिली आणि म्हणाली, "बसते म्हणा. तोंडाने म्हणा."

मला गंमत वाटली. म्हटलं, "बसते हो बाई, तुम्ही जा."

ती निघाली ती चप्पल न घालताच. भिंतीला धरून, एकेक पायरी चाचपत, लहान मूल जिना उतरतं तशी. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. दुःखात माणसाला भान राहत नाही.

तासाभरात येते म्हणाली आहे.

शनिवार, ९
आली नाही. रात्र खुर्चीतच काढली. बहिणीचं काही झालं असेल, त्याबद्दल मी तक्रार करणार नाही. पण निरोप द्यायला काय झालं होतं?

मोबाइल बंद पडला आहे आणि चार्जर भाचीकडे. भिंतीवरच्या फोनने घरी लावून पाहिलं, घरघर येते, लागत नाही. केंद्राचा लागतो, आज सुट्टी, कुणी उचलला नाही.

भूक लागलेली नाही. याचं मलाच नवल वाटतं.

दुपारी मालकाला दारातूनच विचारलं, तुम्हाला लाज वाटते का. तो म्हणाला, वाटते ना बाई, कधी कधी. मग पुन्हा कुलूप पुसायला लागला. निर्लज्जपणातही एक सभ्यता असते, ती त्याच्याकडे भरपूर आहे.

रविवार, १०
ठरवलं, बस्स झालं. ताबा गेला तर जाऊ दे, मी वकीलसाहेबांना तोंड देईन. उठले, पिशवी घेतली, दारापर्यंत गेले.

आणि खुर्चीत होते. पिशवी मांडीवर.

चक्कर आली असेल. वय झालं. पुन्हा उठले, या वेळी चौकट घट्ट धरून पाय बाहेर टाकला. तळव्याला जिन्याची गार फरशी लागली, हे मी शपथेवर सांगते. आणि खुर्चीत होते. पाठ ताठ, सिस्टरना आवडेल अशी.

खिडकीतून इस्त्रीवाल्याला हाका मारल्या. त्याने वर पाहिलं, हात हलवला, आणि परत शर्टावर वाकला. त्याला या खिडकीत हाका मारणाऱ्या बायकांची सवय असावी.

सोमवार, बहुतेक
दार आजवर नीट लावून पाहिलंच नव्हतं. आज लावलं. दारामागे खुंटी आहे. खुंटीवर जुना रेनकोट. रेनकोट काढला.

खाली हिरवी पिशवी. आमच्या केंद्राची. ती शिलाई ओळखण्यात माझी चूक व्हायची नाही. तिच्याखाली आणखी एक, जरा विटलेली. तिच्याखाली आणखी. शेवटची तर हिरवी होती हे अंदाजाने म्हणायचं.

वरच्या पिशवीत चष्म्याचं रिकामं घर आणि अर्धा विणलेला मोजा.

म्हणजे ती भाडेकरू नव्हतीच. तीही बसायला आली होती. तिच्या आधीची पण. पिशवी घेऊन गेले आणि फिरकले नाहीत म्हणे —

त्या चष्मेवालीला मी काय काय म्हटलं, ते इथे लिहिणार नाही. माणूस माणसाला असं विकतो? बहीण काय, अखेरच्या घटका काय! मी मरेन, पण असं करणार नाही.

नंतर
मालकाला दार उघडून सरळ विचारलं. म्हटलं, तुम्हाला खोली रिकामी हवी ना? घ्या. मी आनंदाने जाते.

तो प्रथमच माझ्याकडे नीट पाहून बोलला. "बाई, मी आजवर कुणाला निघा म्हटलंय?"

मग कुलूप कशाला, विचारलं.

"खोली रिकामी पडली तर लावायला. माझा बाप गेला, मी आलो. रिकामी पडलीच नाही कधी. तुमची माणसं फार चांगली आहेत."

आम्ही समजत होतो, यांना भाडेकरू नको असतो. आणि आम्ही एकेक माणूस आणून — सुशिक्षित, चिवट, तत्त्वाची माणसं —

वार माहीत नाही
केंद्रात फोन लावला. वकीलसाहेबांनीच उचलला. काय झालं ते सांगायला तोंड उघडलं, तर गळ्याशी वेगळंच वाक्य आलं. गोड, थकलेलं. कुणाला तरी बसायला पाठवता का — इथपर्यंत आलं. दात आवळून फोन ठेवला.

तो पुन्हा उचलायचा नाही. वायर ओढून तोडली. हाताला रक्त आलं, बरं वाटलं.

मी बसेन. शेवटची मी. माझ्यानंतर कुणी नाही. मी मेले की रिकामी होईल, लाव म्हणावं कुलूप.

—
मरण येत नाही. भूक नाही, झोप नाही. केस वाढत नाहीत, नखं वाढत नाहीत. विणायची लोकर संपली. उसवते, पुन्हा विणते.

ऊन हवं. भाचीकडचं, मागच्या खोलीतलं —

—
खाली आवाज. इस्त्रीवाल्याला कुणी विचारतंय, उंच, पांढऱ्या केसांच्या, तोंडाने फटकळ बाई इथे आल्या होत्या का. तो हसला. वर आहेत म्हणाला.

माझी भाची.

नको. खिडकीतून ओरडते, परत जा — ओरडले. तिने वर पाहिलं आणि रडत हात हलवला. धावतेय.

जिना. मालक स्टूल बाजूला घेतोय, तिला वाट देतोय —

दार लावते. लागत नाही. मीच ते धरून उघडं ठेवते आहे. माझाच हात —

आली. दारात. चप्पल काढतेय, वेडी. मावशी, किती वाळलीस गं, म्हणते. तिला सांगायचं, आत पाऊल टाकू नकोस. एवढंच सांगायचं. सांगते आहे. बोलते आहे मी, केवढ्या मायेने —

ये बाळ. एक तासभर बसशील का इथे, मी जरा