अण्णांचं मिक्श्चर आणि माझी गोळी

९ जानेवारी

धाकट्याचा फोन. अकरा वर्षांत पहिल्यांदाच म्हणाला, "ताई, घरी ये." एरवी आम्ही बहीणभाऊ बाहेर भेटतो, कुठल्या तरी हॉटेलात, चोरासारखे.

"अण्णा तुला विचारतात."

कोण? अण्णा?

त्यांचं विसरणं फार वाढलंय म्हणे. दुकान गेलं हे विसरले, आई गेली हे विसरले. माझ्याशी बोलत नाहीत हेही विसरले!

शनिवारी जाते.

१२ जानेवारी

गेले. जिन्यातून दोनदा परत फिरले. भरल्या सभागृहात न अडखळता बोलणारी बाई मी!

अण्णा खिडकीशी खुर्चीत. मला पाहून चेहरा असा उजळला की मी मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी आलंय का. "आली का माझी छोटी कंपाउंडर? परीक्षा कशी गेली?"

माझं वय अठ्ठावन्न. चांगली गेली म्हटलं.

लहानपणी शाळेतून थेट त्यांच्या औषधांच्या दुकानात जायची. बाटल्यांना लेबलं चिकटवायची. तिरकं लागलं की ते नखाने अलगद सोडवायचे आणि परत माझ्याच हातात द्यायचे. कंपाउंडर हे नाव तेव्हाचं. ते अजून कुठे शिल्लक असेल असं वाटलं नव्हतं.

हात धरून बसले, सोडेचनात. कोरडा, गरम हात. परतताना बसमध्ये रडले. शेजारच्या बाईंनी न विचारता खिडकी उघडून दिली.

१३ जानेवारी

बाहेर कुणाशी बोलायची सोय नाही, म्हणून इथेच.

अण्णा दुकानामागच्या खोलीत स्वतः खोकल्याचं मिक्श्चर करायचे. तपकिरी बाटली, लाल बूच. चमचाभर घेतलं की पोरं रात्रभर गाढ झोपायची, आया अण्णांना दुवा द्यायच्या. मी ते आमच्या औषधसंशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत तपासलं. झोप आणणारं एक जुनं औषध त्यात होतं. एका बाटलीत चिमूटभर, तर दुसरीत त्याच्या तिप्पट. एखादं लहान मूल झोपेतून उठलंच नसतं. अण्णांना आधी सांगितलं, अक्षरशः हात जोडून सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. मग मी नियतकालिकात लिहिलं. नाव घातलं नव्हतं, पण न कळण्यासारखं काय होतं? तपासनीस आले. परवाना गेला, दुकान गेलं.

त्या संध्याकाळी आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. अण्णा म्हणाले, "ऊठ." मला वाटलं, पाणी हवंय. "ऊठ, आणि परत या घरात बसू नकोस. दुसऱ्याची बाटली तपासायला काय लागतं? स्वतःची तपास कधी."

मी बरोबर होते. आजही तेच म्हणेन.  आईने नंतर माझा डबा भरून धाकट्याच्या हाती पाठवला.

२६ जानेवारी

आता दर शनिवारी-रविवारी जाते. अण्णा बिस्कीट अर्धं मोडतात, मोठा तुकडा मला. रोजची तीच चौकशी, परीक्षा कशी गेली. मी नवनवी उत्तरं देते. आज म्हटलं, पहिली आले. त्यांनी भावजयीला हाक मारून सांगितलं. भावजय म्हणाली, "हो का? मग पेढे तरी द्या ताई." आम्ही तिघंही हसलो.

मला हे आवडायला लागलंय. बाप आजारी आणि मी सुखात! लिहितानाही लाज वाटते.

२ फेब्रुवारी

खोलीभर पाण्याचे पेले. खिडकीत, पलंगाखाली, टीव्हीवर. अण्णा सारखे ओठ चाटतात. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या. वर्तमानपत्र लांब धरतात, जवळ धरतात, ठेवून देतात. दिवस बुधवार सांगितला, होता शनिवार. डोक्याचा फोटो काढून झालाय, त्यात विशेष काही नाही. "वय झालं," घरचे डॉक्टर म्हणतात.

जेवणानंतर भावजयीने गोळ्या आणल्या. वाटीत फिकट पिवळी, मधोमध रेघ असलेली.

माझी गोळी.

३ फेब्रुवारी

आमच्या घरात कुणी ती घेत असेल हे डोक्यातच आलं नव्हतं. खरं तर यायला हवं होतं. जगभर म्हातारी माणसं घेतात. मूत्राशय उगाच आवळतं, माणसाला दर अर्ध्या तासाला पळावं लागतं, ते ही गोळी शांत करते. कितीतरी लोक तिच्यामुळे लग्नाला जातात, प्रवासाला जातात. तिच्यात माझी सात वर्षं गेली. कोमट द्रवात टांगलेली सशाच्या मूत्राशयाची बोटभर पट्टी. ती आकसली की फिरत्या कागदावर रेघ चढायची. आमचं औषध थेंबभर सोडलं की रेघ आडवी. त्या आडव्या रेघेवर माझी पदवी, माझी खुर्ची, हे घर.

आणि ती मेंदूत जात नाही. हे तर आम्हीच दाखवलंय.

४ फेब्रुवारी

जात नाही म्हणजे जात नाही.

८ फेब्रुवारी

दाखवलं कुणात? तरण्या उंदरांत. आणि विशीतल्या विद्यार्थ्यांत, जे पॉकेटमनीसाठी हात पुढे करायचे. रक्तातून मेंदूत शिरायच्या वाटेवर एक पहारा असतो, तो तरुणपणी कडक. वयाबरोबर ढिला पडतो. आम्ही चाचणीत सत्तरीपुढचं कुणी घेतलंच नव्हतं. ती अट मीच घातली. म्हातारी माणसं आकडे बिघडवतात, असं म्हणायचे मी तेव्हा. तोंड कोरडं पडतं का, पोट साफ होतं का, हे विचारलं. आठवतं का, हे विचारलं नाही. विचारलंच नाही तर कळणार कुठून?

आणि अण्णांच्या मिक्श्चरमधलं ते झोपेचं औषध? त्याचं आणि माझ्या गोळीचं कूळ एकच. हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी फळ्यावर काढून दाखवते. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसलं आणि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ नाही. शाळेत ही म्हण वाक्यात उपयोग करून लिहायला सांगायचे. आज जमलं!

११ फेब्रुवारी

संस्थेच्या संचालकांनी बोलावलं. गोळीला जूनमध्ये पंचवीस वर्षं होतात, त्याचा समारंभ. मुख्य भाषण माझं. "मॅडम, तुमच्याशिवाय आहेच कोण?" मी हळूच अण्णांचं सांगितलं. त्यांनी चहा ढवळला. "एका पेशंटवरून निष्कर्ष? हे तुम्ही बोलताय?"

खरंच आहे. हे वाक्य माझंच. कितीतरी पोरांना त्यावर रडवलंय.

१५ फेब्रुवारी

घरच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. भला माणूस. गेल्या वर्षी अण्णांची लघवीची तक्रार वाढली म्हणून त्यांनी डोस दुप्पट केला. विसरणं कधीपासून वाढलं, आम्ही दोघांनी बोटांवर महिने मोजले, ते डोस वाढवल्याच्या महिन्याशीच येऊन थांबले. "तुमचीच गोळी, आणि तुम्हीच बंद करा म्हणता?" म्हटलं, आपलेच दात, आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करू. एकदम थांबवायची नाही, हळूहळू कमी करायची असं ठरलं. उद्यापासून निम्मी.

१६ फेब्रुवारी

गोळी निम्मी करायची होती. केली नाही.

१७ फेब्रुवारी

काल झालं काय, तर काहीच नाही. मी सुरी घेऊन रेघेवर गोळी तोडायला बसले. अण्णा शेजारी आले. माझ्या केसांतलं पांढरं पाहून म्हणाले, "पावडर सांडली का डोक्यावर?" आणि हाताने झटकत राहिले. किती वेळ झटकत होते. मी सुरी ठेवून दिली.

गोळी कमी केली तर एक दिवस त्यांना सगळं आठवेल. मी कोण, मी काय केलं, ते मला काय म्हणाले. ठेवली तर हा हात माझ्या डोक्यावर राहील, आणि त्यामागचा माणूस दिवसेंदिवस पुसट होत जाईल.

यात विचार करण्यासारखं काही नाही हे मला कळतं. तरी एक दिवस केला.

१८ फेब्रुवारी

निम्मी केली.

१ मार्च

चादरी ओल्या. व्हायच्याच होत्या! गोळी काही उगाच देत नव्हते. भावजय मोरीत उभी राहून म्हणाली, "उंटावरून शेळ्या हाकता ताई. तुम्ही रविवारी जाता, धुणं माझ्या वाट्याला." एक शब्दही खोटा नव्हता. रजा टाकली, माझी पिशवी घेऊन इथेच राहायला आले. अकरा वर्षांनी जुन्या खोलीत. दर दोन तासांनी अण्णांना उठवायचं, बाथरूमपर्यंत न्यायचं. चार दिवसांत बरंच जमलं. भावजय आता माझ्यासाठी वेगळा चहा ठेवते, बिनसाखरेचा.

२० मार्च

आजपासून गोळी पूर्ण बंद.

दुपारी स्मृतिचिकित्सा विभागातल्या बाईंकडे गेले. पूर्वीची विद्यार्थिनी, मी रडवलेल्यांपैकीच. विचारलं, तुमच्याकडे येणाऱ्या म्हाताऱ्यांत ही गोळी घेणारे किती? म्हणाली, पाहिलं नाही मॅडम, तुम्हीच शिकवलं होतं की ती मेंदूत जात नाही. टोमणा नव्हता. त्यामुळे जास्त लागलं.

ती पाहते म्हणाली.

४ एप्रिल

पाण्याचे पेले कमी झाले. अण्णांनी वर्तमानपत्र वाचलं, मथळ्याखालचंही. धाकट्याच्या किराणा बिलातली बेरीज चुकलेली दाखवली. धाकटा बिल घेऊन घरभर नाचला.

१३ एप्रिल

आज आईबद्दल विचारलं नाही. फोटोसमोर उभे राहिले बराच वेळ. मग रुमालाने काच पुसली.

मला वाटलं होतं गोळीची किंमत मी एकटीच मोजणार. त्यांना आई पुन्हा एकदा गेली.

२१ एप्रिल

मला कंपाउंडर म्हणत नाहीत. काहीच म्हणत नाहीत. औषध घेतात, आधार घेतात, बिस्कीट अख्खं बशीत ठेवतात. आठवलंय की आठवतंय, कळत नाही. धाकटा म्हणतो, "सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, तू मनाची तयारी ठेव." अण्णा खोलीत असले की मी बसत नाही. कुणी सांगितलं नाही, पण गुडघे ऐकत नाहीत.

१० मे

विद्यार्थिनीचे कागद आले. गोळी घेणारे म्हातारे बरेच निघाले. त्यांच्या डॉक्टरांना सांगून काहींची थांबवली. काही सुधारले, काही नाही. एकजण नातीचं नाव सांगायला लागला. सिद्ध झालं असं कुणी म्हणणार नाही, मीही नाही. पण तपासायला हवं, आणि तोवर सत्तरीपुढे जपून द्यायला हवी, एवढं नक्की.

लिहायला बसले. पहिलं वाक्य सहा वेळा खोडलं. शेवटी सरळ लिहिलं, हे औषध मी शोधणाऱ्यांपैकी एक आहे, आणि ही त्रुटी आमच्या मूळ चाचणीत होती.

१७ मे

संचालकांना आधी दाखवलं. अण्णांना आधी सांगितलं होतं तसंच. संचालक म्हणाले, "समारंभ होऊन जाऊ द्या. स्वतःच्या पायावर धोंडा का पाडून घेता?" भाषण आता दुसरं कुणी करेल. दार लावताना म्हणाले, "सगळं आयुष्य दिलंत हो तुम्ही त्या गोळीला."

दिलं खरं.

१८ मे

नियतकालिकाकडे पाठवलं.

२ जून

सकाळी चहा घेऊन गेले, द्यायला वाकले. अण्णांनी कप घेतला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "तुला मी ऊठ म्हटलं होतं."

हो म्हटलं.

"माझी कुठली गोळी थांबवली?" सांगितलं. "काढली कुणी होती ती?" "मी," म्हटलं. कप तसाच हातात. "लिहिलंस तसं?"

"लिहिलं. नावानिशी."

त्यांनी घोट घोट करत चहा संपवला. मी ट्रे धरून उभी. मग त्यांनी शेजारच्या खुर्चीवरचं वर्तमानपत्र उचललं.

"मग उभी का? बस."

बसले.