डबल अल्बमची चौथी बाजू

सोनारी, ता. परांडा
३ फेब्रुवारी २०२५

ती. महारुद्रमामांस,
कैवल्यचा सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका. आम्ही चौघं इथं एका बंद पडलेल्या दूध शीतकरण केंद्रात मुक्काम ठोकून आहोत. मोबाईल जवळ असला की कामात टिर्र टिर्र येतं, म्हणून अक्षरानं सगळ्यांचे फोन पिठाच्या डब्यात टाकलेत आणि डब्यावर ती स्वतः बसते. तिच्यापुढं माझं काही चालत नाही.

बातमी अशी, की यंदा डबल अल्बम काढायचं ठरलंय. साधा नको, डबलच, यावर अक्षराचं नि माझं एकमत आहे. आयुष्यात एकदाच होणारी गोष्ट, हात कशाला आखडायचा? शेवटचं काम ९ मार्चला इथंच. आणि त्या दिवशी बँडमध्ये अप्पांचा क्लॅरनेट पाहिजेच. त्यांच्याशिवाय हे पुरं व्हायचं नाही. पण चार वर्षं ते माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. तुम्ही जरा अंदाज घ्याल का? त्यांचा कान आता कसा आहे? आई फोनवर नीट सांगत नाही.

आईला नमस्कार. तुमची माया आहे तशीच राहू द्या.

आपला भाचा,
कैवल्य

*

अणदूर
८ फेब्रुवारी २०२५

चि. कैवल्य यास महारुद्रमामाचे अनेक आशीर्वाद, आणि कान लांबून पिळला असं समज.

लेका, लग्न ठरवलंस आणि मामाला ते अल्बमच्या आडून कळवतोस? तीस वर्षं मी लग्नाचे फोटो काढतोय. डबल अल्बम म्हणजे काय, हे मला कुणी शिकवावं? एक मुलाकडं, एक मुलीकडं. त्यात बँड पाहिजे म्हणतोस. आता नुसत्या अक्षता राहिल्या. मुलगी आत्ताच पिठाच्या डब्यावर बसते म्हणजे घर तिच्या ताब्यात गेलंच. तुझ्या आईनं पत्र दोनदा वाचून घेतलं, डोळे पुसले, आणि मुलीचं आडनाव का लिहिलं नाही म्हणून मलाच झापलं.

दाजींचा कान म्हणशील तर डावा गेलाच. उजवा दिवाळीपर्यंत टिकला तर नशीब, असं सोलापूरचे डॉक्टर म्हणाले. मी कानाशी तोंड नेऊन ओरडलो, तर तुझं लग्न अर्ध्या गल्लीला आधी कळलं आणि दाजींना नंतर. स्टूल घेतलं, माळ्यावर चढले आणि क्लॅरनेटची पेटी खाली काढली. मग तडक वीरप्पाच्या पानटपरीवर गेले. त्याला म्हणाले, पोराचं लग्न हाय, ढोल काढ. वीरप्पानं पुढं गिऱ्हाईक उभं असताना फळकूट लावलं. दाजींच्या ‘श्रीमंत मास्तर ब्रास बँड’चे अकरातले पाच उरलेत. लाल कोटांची बटणं पोटावर लागत नाहीत, पण खंडोबाच्या देवळामागं रोज तालीम चालू आहे. चार वर्षांत दाजींना असं ताठ चालताना मी पाहिलं नव्हतं.

आडनाव कळव. आशीर्वाद बरेच शिल्लक आहेत, काळजी करू नको.

तुझा,
महारुद्रमामा

*

सोनारी
१३ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस सा. न. वि. वि.

मामा, घात झाला. लग्न नाही. अल्बम गाण्यांचा आहे.

नीट सांगतो. दोन मोठ्या काळ्या तबकड्या, त्यांच्या चार बाजू, तेवीस गाणी. आमच्या बँडचं नाव ‘तिरपं आभाळ’. वाजवतो त्याला सायकेडेलिक रॉक म्हणतात. म्हणजे गिटारीचा सूर ताणून, वाकवून, उलटा फिरवून असा करायचा, की ऐकणाऱ्याला आपण तापात आहोत असं वाटावं. पहिल्या बाजूत एक माणूस घर सोडतो, दुसरीत रस्ता आहे, तिसरीत तो हरवतो. चौथी बाजू म्हणजे सलग अठरा मिनिटांचा एकच तुकडा. गिटारी भरून झाल्यात, मधली जागा रिकामी आहे. ती क्लॅरनेटची. अप्पांच्याच. कान आहे तोवर.

अक्षरा आमची ड्रमर आहे. तिच्या आयुष्याचे बेत तिचे तिनं केलेत, त्यात मी कुठंच नाही.

अप्पांचा अबोला तुम्हाला ठाऊकच आहे. देशमुख गल्लीतल्या त्या वरातीत पुढं अप्पांचा बँड होता आणि मागं डीजेवर मी. कॉलेजात होतो, मित्राचा सेट होता. अप्पांनी वळून बघितलं. लोक ओरडायला लागले, वाढव वाढव. मी वाढवला. अप्पा क्लॅरनेट वाजवत होते एवढं दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. त्यानंतर त्यांना कुणी सुपारी दिली नाही, आणि कानही तिथूनच बिघडला. मी स्वतः कसं सांगू, की लग्नही नाही? तुम्ही सांगा. पाया पडतो.

रागावला असाल तरी टाकून देऊ नका.

कैवल्य

*

अणदूर
२० फेब्रुवारी २०२५

चि. कैवल्य यास आशीर्वाद.

तीनदा गेलो सांगायला. पहिल्यांदा दाजी कोटाला ब्रासो लावत होते, म्हणजे पितळी बटणांना. दुसऱ्यांदा मी ओरडून सांगितलं, की दाजी, लग्न नाही. त्यांना ‘लग्न नाही’तलं पहिलंच ऐकू आलं. मान हलवून हसले. तिसऱ्यांदा ‘लग्न नाही’ एवढं कागदावर लिहून नेलं, तर त्यांनी माझ्याच कागदाच्या पाठीवर मला लिहून विचारलं, मग साखरपुडा का? तारीख कोणती? मी इतका गडबडलो की ९ मार्च सांगून बसलो. फोटोत लोकांना सरळ उभं करणारा मी माणूस, स्वतः उभं राहायची वेळ आली तर असा हलतो.

आता टेम्पो ठरलाय. साखरपुडा आहे असा त्यांचा समज आहे आणि मी तो मोडलेला नाही. तुझ्या आईला मात्र खरं सांगितलं. ती म्हणाली, जाऊ दे त्यांना, निदान पोराचं तोंड तरी बघतील. सूनबाईसाठी दाजींनी तुळजापूरहून हिरवी साडी आणलीय. तुझ्या आईनं ती ट्रंकेत दडवली होती, दाजींनी शोधून काढली.

समोर आले की तूच सांग. मी येतोय, पण माझ्यावर भिस्त ठेवू नको. बाकी जीव लावतोच आहे.

महारुद्रमामा

*

सोनारी
११ मार्च २०२५

ती. मामांस नमस्कार.

परवा तुम्ही इथल्या माकडांपासून पुऱ्यांचा डबा वाचवायला म्हणून टेम्पोतच बसून राहिलात. तुम्हाला भीती माकडांची नव्हती, हे मला कळतं. आत काय झालं ते लिहितो.

अप्पा लाल कोटात आत आले. पांढऱ्या फरशीच्या भिंती बघितल्या, वायरी बघितल्या, माझ्याकडं बघितलं. अक्षरापुढं साडी धरली. ती बिचारी काही न कळता वाकली आणि पाया पडली. मी कागद-पेन काढलं, सांगायचं म्हणून. अप्पांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि लिहिलं, सूर? मी गाण्याची पट्टी लिहिली, पांढरी एक. एवढंच लिहिलं. हेडफोन दिले ते त्यांनी काढून ठेवले.

मामा, असं वाजवलं की रणधीर, आमचा रेकॉर्डिंगवाला, यंत्राकडं बघायचं विसरला. पण अप्पा अर्धा सूर खाली होते. पहिल्या फुंकेपासून. त्यांना ते कळत नव्हतं. आणि बाकीच्यांना कळलं! ट्रंपेटवाल्या दोघांनी एकमेकांकडं बघितलं, नळ्या ओढल्या आणि आपला सूर खाली आणला, अप्पांच्या शेजारी. म्हणजे ती सगळी मंडळी एका सुरात, आणि आमची वर्षभराची गिटार भलत्याच सुरात.

अठरा मिनिटांनी अप्पांनी हातानं विचारलं, कसं? मी अंगठा दाखवला.

रणधीर म्हणतो, कॉम्प्युटरवर अर्धा सूर चढवून देतो, कुणाच्या बापाला कळणार नाही. मग स्वतःच जीभ चावली. त्यानं एकदा चढवून ऐकवलं. सूर बरोबर होता, अप्पा नव्हते. कुणीतरी इस्त्री केलेला माणूस होता. काय करावं सुचत नाही. आणि सांगायचं होतं तेही राहिलंच.

तुमचा,
कैवल्य

*

अणदूर
१७ मार्च २०२५

चि. कैवल्य यास आशीर्वाद.

सांगणं माझ्याच वाट्याला आलं. बार्शीच्या अलीकडं चहाला थांबलो, तिथं लिहून कागद दाजींपुढं सरकवला. लग्न नाही, गाण्यांचा अल्बम आहे, चूक माझी. वाचलं, घडी केली, कोटाच्या खिशात ठेवली. म्हणाले, महारुद्रा, लग्नघरी चुलीचा धूर असतो. तिथं नुसत्या वायरी व्हत्या. फाटकातच कळलं.

मी विचारलं, मग वाजवलं कशाला? तर म्हणाले, पत्ती ओली केली व्हती. क्लॅरनेटची ती वेताची पत्ती वाजवण्याआधी तोंडात धरून भिजवावी लागते, तुला माहीतच आहे. टेम्पोत परांड्यापासून त्यांनी ती तोंडात धरलेली. म्हणाले, ओली पत्ती वाळवून परत आणायची व्हय?

वीरप्पाला मी बाजूला घेऊन सुराचं विचारलं. तो म्हणाला, मास्तर उतरला की बँड उतरतो, ही काय नवी गोष्ट हाय? मास्तरला एकट्याला खाली सोडायचा न्हाय.

घरी आल्यावर दाजींनी मला एकच विचारलं. पोरानं अंगठा दाखवला, तो खरा का? मी मान डोलावली. आता तू एक खोटं बोललास, मी एक. त्यांच्याशी खरं बोलणारं घरात कुणी उरलं नाही. मला लिहू नको आता. त्यांना लिही.

महारुद्रमामा

*

सोनारी
२९ मार्च २०२५

तीर्थरूप अप्पांस,
कैवल्यचा शिरसाष्टांग नमस्कार.

अंगठा खोटा होता. तुम्ही अर्धा सूर उतरला होता. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकसारखा. चढ-उतार नाही, डगमग नाही, फक्त अर्धा सूर खाली.

तुमचा सूर वर चढवायचं यंत्र आमच्याकडं आहे. ते वापरलं नाही. चौथ्या बाजूच्या सगळ्या गिटारी पुसून टाकल्या, तारा ढिल्या केल्या, तुमच्या सुराला आणल्या आणि अठरा मिनिटं पुन्हा वाजवली. ढिली तार बोटाखाली घसरते, सोळा दिवस लागले. तबकडी काढणाऱ्या कंपनीचा माणूस म्हणाला, तीन बाजू एका सुरात आणि चौथी भलतीच, ऐकणाऱ्याला चूक वाटेल. वाटू दे म्हटलं.

त्या वरातीत आवाज मी वाढवला होता. लोक म्हणत होते म्हणून नाही. तुम्ही बघत होता म्हणून.

उत्तराची आशा धरत नाही. वाचलंत तरी पुष्कळ.

आपला,
कैवल्य

*

अणदूर
२ जुलै २०२५

चि. कैवल्य यास अप्पाचा आशीर्वाद.

पत्राला तीन महिने लागले. रोज लिहायला बसायचो, तुला काय म्हणून हाक मारावी तिथंच अडायचं.

उजवा कान मे महिन्यात गेला. डॉक्टरनं दिवाळी सांगितली व्हती, त्याला घाई झाली. काल तुझा खोका आला. महारुद्र कुठूनसं तबकडीचं यंत्र घेऊन आला. सगळे गोल बसून ऐकत व्हते, मी त्यांची तोंडं बघत व्हतो. वीरप्पा मध्येच रडला. कशाला ते मला कळलं न्हाय, आणि विचारलं की सगळे नुसतं छान छान म्हणून हात हलवतात. बहिऱ्या माणसाला लोक फक्त चांगलंच सांगतात. लई कंटाळा येतो.

अर्धा सूर उतरलो असं तू लिहिलंस. ते पत्र मी जपून ठेवलंय. पन्नास वर्षं वाजवलं, सूर कुठं सुटला हे मला मी सोडून कुणी सांगितलं नव्हतं. आता ते माझ्याच्यानं व्हायचं न्हाय.

तेव्हा तू लिही. अठरा मिनिटं हायत म्हणतोस, तर पहिल्या मिनिटापासून लिही. मी कुठं दम घेतला, तुझी गिटार कुठं आली, माझ्या आधी आली की मागून. वीरप्पा चुकला असंल तर तेही लिही, त्याला दाखवणार न्हाय. एका पत्रात एकच मिनिट लिहिलंस तरी चालंल.

अक्षर मोठं काढ. वाट बघतो.

अप्पा