कपाटाचे आठ बोल्ट

आई, तुला माझं लग्न ठरवायचं होतं आणि ते तूच ठरवलंस, हे मला तू गेल्यानंतर सात वर्षांनी, लंडनजवळच्या स्लाऊमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये, हातात मसालेभाताची कागदी प्लेट घेऊन उभी असताना कळलं. महाराष्ट्र मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होता. पत्रिका बघणारे काका तुला आठवत असतील, आयुष्यभर विमानतळावर इंजिनियर म्हणून काम केलेले आणि निवृत्त झाल्यावर कॉम्प्युटरवर पत्रिका जुळवून देणारे. ते आता कायमचे पुण्याला निघालेत, म्हणून एकेकाचा निरोप घेत फिरत होते. माझ्यापाशी आले, तुझ्या जावयाकडे लांबून पाहिलं (तो पोरांच्या रांगेला ज्यूस वाटत होता) आणि म्हणाले, "सव्वीस गुण. मी तुझ्या आईला तेव्हाच सांगितलं होतं, बिनधास्त पुढे जा." मी म्हटलं, काका, तुमचा काहीतरी गोंधळ होतोय, आमची पत्रिका कुणी बघितलीच नाही. ते हसले. "तुला कळू द्यायचं नाही अशी ताकीद होती," म्हणाले, "पण आता ती बिचारी गेली, मीही चाललो, आता काय लपवायचं." मी त्यांना एकच विचारलं, की पत्रिका कधी बघितली. त्यांना पक्कं आठवत होतं, कारण त्या आठवड्यात त्यांनी नवा प्रिंटर घेतला होता आणि त्यातून निघालेला पहिला कागद तुझा होता. गुढीपाडव्याच्या आधी. मी त्याला पहिल्यांदा भेटले ते त्याच वर्षी सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी.

मी भात संपवला. प्लेट कचऱ्यात टाकली, काकांना वाकून नमस्कार केला, घरी येताना गाडी मीच चालवली. तो बाजूला बसून बोलत होता आणि मी योग्य ठिकाणी हो म्हणत होते. डोक्यात फक्त महिने मोजत होते. मार्च ते सप्टेंबर. सहा महिने तू त्याच स्वयंपाकघरात माझ्यासमोर पोळ्या लाटत होतीस.

ते स्वयंपाकघर मला दिसतं तेव्हा बुधवार असतो. बुधवारी तुझ्या नोकरीच्या शाळेत मुलांची जेवणं वाढून झाली की तू हाय स्ट्रीटवरच्या जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपमध्ये पुस्तकं लावायला जायचीस आणि येताना त्यातलं एक घेऊन यायचीस. गुलाबी किंवा आकाशी कव्हर, त्यावर उंच टाचेचा एक बूट नाहीतर पावसातली छत्री. लंडनमधली कुणीतरी मुलगी, तिची नोकरी धड नाही, तिच्या दोन मैत्रिणी, आणि एक माणूस जो तिला आधी अजिबात आवडत नाही. मी ऑफिसमधून आले आहे, बॅग खुर्चीला अडकवली आहे, आणि तू तव्यावरची पोळी उलटताना मला सांगते आहेस की हिला अजून कळलेलं नाही पण तोच आहे, पहिल्या प्रकरणात ज्याच्याशी भांडते तोच असतो. मी विचारते, शेवट माहीत आहे तर वाचतेस कशाला. तू म्हणतेस, "शेवट माहीत असला की मधलं निवांत वाचता येतं." मग थोड्या वेळाने, माझ्या ताटात भाजी वाढताना, की या पुस्तकांतल्या मुलींना मैत्रिणी फार चांगल्या मिळतात, आईच तेवढी सगळीकडे बावळट दाखवलेली असते. मला तेव्हा ते नुसतं विनोदी वाटलं होतं.

त्याआधी वर्षभर आपलं स्थळांवरून चाललं होतं. तू पाकिटं टेबलावर ठेवायचीस आणि मी ती न उघडता बिलांच्या खाली सरकवायचे. एकदा मी तुला नीट समजावून सांगितलं होतं की एका पानावर उंची, पगार आणि गोत्र लिहून माणूस कळत नाही, आणि मला असा कागदावरून निवडलेला माणूस नको आहे. तू वाद घातला नाहीस. "बरं," म्हणालीस. त्या वसंतात पाकिटं यायची बंद झाली. मला वाटलं, मी जिंकले.

मग तो शनिवार. लीड्सहून माझ्या मैत्रिणीचा फोन आला, तुझ्या लाडक्या, इथेच जन्मलेल्या, तुला काकू म्हणणाऱ्या मैत्रिणीचा. होती त्याच हॉस्पिटलमध्ये तिला वरची, रजिस्ट्रार डॉक्टरची, नोकरी लागली होती, तिने नवा फ्लॅट घेतला होता, आणि सुट्या फळ्यांचं एक मोठं कपाट खोक्यात पडून होतं. तू इंजिनियर ना, ये आणि जोडून दे, म्हणाली. मी ट्रेनने गेले. तिथे आणखी एक माणूस होता, तिच्या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागातला, नागपूरचा, हातात स्वतःचा स्क्रूड्रायव्हर घेऊन आलेला. दहा मिनिटांत मैत्रिणीला वॉर्डमधून बोलावणं आलं आणि ती कोट चढवून पळाली. मी नेहमीप्रमाणे आधी सगळे भाग मोजले. यादीत लिहिलेले आठ लांब बोल्ट खोक्यात नव्हते. तो म्हणाला, काळजी करू नका, माझ्याकडे चिकटपट्टी आहे. मी म्हटलं, चिकटपट्टीवर कपाट उभं राहत नाही. तो म्हणाला, तुम्ही प्रयत्न करून बघितलाय का? मला राग आला आणि हसूही आलं, आणि मग आम्ही दोघं बसने शहराबाहेरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो, चुकीच्या मापाचे बोल्ट घेतले, परत गेलो, बरोबर मापाचे घेतले. कपाट उभं राहिलं तेव्हा चार तास झाले होते. मी आयुष्यात कुणाशी सलग चार तास बोलले नव्हते. परतीच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसले होते, कारण माझा चेहरा माझ्या ताब्यात नव्हता.

तुला सांगायला मी दोन महिने घेतले. तुझ्याशी भांडावं लागेल अशी तयारी करून आले होते, आणि तू मला निराश केलं नाहीस. तुझे शब्द मला अजून पाठ आहेत. "चौकशी नाही, पत्रिका नाही, कपाट जोडलं म्हणून लग्न?" कोण, कुठला, घरचे कसे, तू सगळं विचारलंस. तीन आठवडे रोज. तू जितकं अडवत होतीस तितकी मी पक्की होत गेले. त्याच्याविषयी मला स्वतःला ज्या शंका होत्या त्यादेखील मी तुझ्यापुढे खोडून काढल्या, आणि खोडता खोडता त्या खरंच गेल्या. शेवटच्या रविवारी तू पुन्हा पत्रिकेचं काढलंस तेव्हा मी म्हटलं, "तुझ्या हातून आलेलं काहीही मला नको आहे. कधीच नको होतं." तू शेगडीकडे वळलीस आणि पाठमोरी उभी राहिलीस. तुझे खांदे हलत होते. मी तुला रडवलं हे मला कळलं, आणि तरी मी जवळ आले नाही, वर खोलीत निघून गेले. दुसऱ्या दिवशी तू म्हणालीस, ठीक आहे, आण त्याला जेवायला. फेब्रुवारीत तू गेलीस, एका सकाळी, शाळेच्या किचनमध्ये उभ्या उभ्या. लग्न त्यानंतर जूनमध्ये झालं. ते वाक्य मी परत घेतलं नव्हतं. सात वर्षं मी ते रोज नाही, पण आठवड्यातून एकदा तरी ऐकते. माझ्याच आवाजात.

काकांशी बोलणं झालं त्याच्या पुढच्या शनिवारी मी लीड्सला गेले. मैत्रिणीने दार उघडलं, माझा चेहरा बघितला आणि म्हणाली, "कोणी सांगितलं?" म्हणजे मला विचारावंही लागलं नाही. ती सोफ्यावर पाय वर घेऊन बसली. घाबरली की तिचं मराठी आणखी मोडतं. तिने सांगितलं ते असं: स्थळ नागपूरहून त्याच्या आईने मंडळामार्फत तुला पाठवलं होतं. त्यात हॉस्पिटलचं नाव वाचून तू ताबडतोब हिला फोन केलास. उन्हाळ्यात ती आपल्याकडे राहायला आली तेव्हा मी आंघोळीला गेलेली बघून तू तिच्या हातात एक पुस्तक दिलंस, कोपरा दुमडलेलं. त्यात नायिका आणि तो माणूस तंबू लावत असतात आणि तंबूचे खांब हरवलेले असतात. तू म्हणालीस, माझी मुलगी तंबूत झोपणार नाही, दुसरं काहीतरी शोध. कपाट तिला सुचलं. बोल्ट काढून घ्यायचं तुला सुचलं. सगळं नीट असलं तर माझी मुलगी वीस मिनिटांत जोडून निघून जाईल, असं तू तिला सांगितलंस. वॉर्डमधून बोलावणं वगैरे काही नव्हतं. ती चार तास हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये भाजलेला बटाटा खात बसली होती, बोल्ट कोटाच्या खिशात, आणि तू नुकतंच टेक्स्ट करायला शिकली होतीस. तिला चार मेसेज केलेस. शेवटच्यात फक्त एक शब्द होता: बोल्ट?

मी विचारलं, त्याला माहीत होतं का. "झिरो," ती म्हणाली. "त्याच्या आईला माहीत होता. त्याला नाही. प्रॉमिस." मग मी विचारलं की ती माझी मैत्रीण होती की तुझी. ती म्हणाली, "तू तो पाकीट उघडला पण नसता. काकूला माहीत होता, मला पण माहीत होता. मी सॉरी आहे, पण रिझल्टसाठी नाही." मी तीन आठवड्यांच्या भांडणाबद्दल विचारलं. तिला त्याबद्दलही माहीत होतं. तू तिला रोज फोन करून सांगत होतीस, आज काय झालं ते. तू तिला म्हणाली होतीस, मी हो म्हटलं तर ती मागे फिरेल, म्हणून थोडे दिवस नाही म्हणते. मी शेवटच्या रविवारचं विचारलं. त्या रविवारी काकूने फोन नाही केला, ती म्हणाली. का ते तिला माहीत नाही. मी चहा न पिता निघाले आणि पुढे तिचे फोन घेतले नाहीत.

माझ्या कामात एक साधा नियम आहे. मोजमापाचं उपकरण तपासायला आलं की त्याला हात लावण्याआधी ते काय दाखवतं आहे ते लिहून ठेवायचं. मगच दुरुस्ती. आधीचा आकडा लिहायचा राहिला तर तो पुन्हा कुठूनही मिळत नाही, माणूस कितीही हुशार असला तरी. तू माझा आधीचा आकडा शिल्लक ठेवला नाहीस. बोल्ट खोक्यात असते तर मी वीस मिनिटांत निघून आले असते का, तू हो म्हणाली असतीस तर मी मागे फिरले असते का, हे मला आता कधीच कळणार नाही. तुझा अंदाज बरोबर होता असं सगळे म्हणतील. अंदाज बरोबर आला म्हणून तो करायचा तुला हक्क होता असं होत नाही. माझ्या आयुष्यात एकच गोष्ट होती जी मी कुणाला न विचारता निवडली होती, आणि तिच्यासाठी मी तुला दुखावण्याची किंमत दिली असं समजत होते. आता तीही माझी नाही. आणि दुखावलं होतं की नाही हेही मला माहीत नाही. तू पाठ फिरवून उभी होतीस तेव्हा रडत होतीस की हसू दाबत होतीस? मी त्या खांद्यांकडे सात वर्षं एकाच अर्थाने बघते आहे. हसत असशील तर तू मला फुकट सात वर्षांची शिक्षा दिलीस. रडत असशील तर खोट्या भांडणात मी तुला खरं लागेल असं बोलले, आणि तू ते मला सांगूही शकली नाहीस, कारण सांगितलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं. दोन्हींपैकी काय बरं, ते मी अजून ठरवू शकलेले नाही.

त्याला मी सांगितलेलं नाही. त्याला काही माहीत नव्हतं यावर माझा विश्वास आहे. वाढदिवसाची भेट आणली तर हा माणूस संध्याकाळपर्यंत गुपित ठेवू शकत नाही. परवा त्याच्या कामावरचे दोघं बायकांसह जेवायला आले होते आणि त्याने कपाटाची गोष्ट सांगितली. ती तो नेहमी सांगतो, चांगली सांगतो, दरवेळी दुकान थोडं लांब जातं. चिकटपट्टीपाशी आला की तो थांबतो, कारण पुढचं वाक्य माझं असतं. तो थांबला, माझ्याकडे बघितलं. मी आमटी वाढत होते. मी माझं वाक्य म्हटलं, नेहमीच्या जागी, नेहमीच्या सुरात. सगळे हसले आणि कुणाला काहीही कळलं नाही. मला इतकं सहज जमेल असं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मैत्रिणीला टेक्स्ट केला, सात आठवड्यांनी पहिला. त्याला वाईट वाटेल म्हणून मी त्याला सांगणार नाही, तूही सांगू नकोस. तिचा लगेच फोन आला आणि मी घेतला. फार बोललो नाही. तिने विचारलं, ख्रिसमसला येऊ का, मी म्हटलं ये.

तिला दिलेलं कारण खरं नाही. त्याला वाईट वाटणार नाही. तो पोट धरून हसेल, नागपूरला आईला फोन लावेल, आणि पुढच्या वेळी पाहुणे आले की गोष्टीची सुरुवात तुझ्यापासून करेल. सगळ्यांना तू फार आवडशील. मला ते इतक्यात नको आहे. खोटी आहे हे माहीत असूनही, ती गोष्ट मला आणखी काही दिवस आमच्या दोघांचीच हवी आहे, तुझ्याशिवायची.