समेच्या थोडं आधी

प्रिय आत्या,

तुला पत्र लिहिण्याला व्यवहारात काही अर्थ नाही, हे मला माहीत आहे. पण काल मार्टिन इंदूरला आला होता, आणि त्याच्याबद्दल तक्रार ऐकून घेणारं दुसरं कुणी नाही.

तोच, तुझा हॉलंडचा ऑनलाइन शिष्य. तू त्याला भैरवाचं नोटेशन पाठवलं होतंस, आठवतं? कोमल स्वराखाली आपण रेघ देतो. त्याला वाटलं, रेघ म्हणजे जोर. आठवडाभर त्याने कोमल रे आणि ध शुद्धच घोटले, पण दणकून. तू डोळे मिटून ऐकलंस आणि म्हणालीस, "मार्टिन भिया, ये तो बिलावल है. वो भी गुस्से में."

काल तुझ्या आठवणीत सगळे जमले, तेव्हा तो गायला. सूर चोख. पण दर आवर्तनाला समेच्या थोडा आधी. तबल्यावर दिघेकाका होते. दोनदा त्यांनी सांभाळून घेतलं, मग थांबले. "भिया, सम तर येऊ द्या. गाड़ी छूट रही है क्या?"

लोक हसले. मार्टिन लाल झाला. "आत्याजी हमेशा बोलती थीं, थोड़ा पहले आओ."

कारण मला एकटीला कळलं. ठेका तुझ्या खोलीत वाजायचा. तो त्याला उशिरा ऐकू जायचा, आणि त्याचा आवाज तुला आणखी उशिरा. मी तेव्हाच सांगितलं होतं, दोष त्याचा नाही, नेटचा आहे. तू म्हणालीस, "मग येऊ दे की त्याला लवकर. तेरे नेट को कौन सुधारेगा?" त्याने इमानाने सवय लावून घेतली.

त्याला कारण का नाही सांगितलंस? सांवेर रोडला आमच्या कारखान्यात मशीन तिरकं कापायला लागलं, तर मशीन दुरुस्त करतात. ड्रॉइंग तिरकं करत नाहीत.

मी सगळ्यांना समजावून सांगितलं. दिघेकाका डग्ग्यावर हात ठेवून बसले. "म्हणजे चूक आमच्या बाईंची."

"हो."

"अब ये आदत निकालेगा कौन?"

मार्टिन माझ्याकडे बघायला लागला. पुढच्या महिन्यात त्याला तिकडे पहिल्यांदा तबल्यासोबत गायचं आहे. तू शिकवलेलं सगळं तिथे असंच हसण्यावारी जाईल.

मी लगेच हो म्हटलं नाही. त्याची घाई नेमकी तुझ्या खोलीपर्यंतच्या अंतराएवढी आहे. तो अजून तुला समेवर ऐकू येईल असाच गातो. ती घाई काढायची, म्हणजे त्या टोकाला आता कुणी नाही, हे मी त्याला शिकवायचं. हे काम तू माझ्यावर का सोडलंस?

तरी येत्या रविवारपासून त्याचा ऑनलाइन वर्ग मी घेणार आहे. लहानपणी तुझ्याकडे शिकले, ते यापुरतं पुरेल. आधी त्याला कारण सांगेन, मग सवय काढीन. ठेका त्याच्याच खोलीत लावायला सांगेन. तो समेवर येईल, हे माझं वचन.

फक्त माझी "वा" त्याला उशिरा पोचेल. त्यावर उपाय मला माहीत नाही.

तुझी,
मुक्ता